रिक्वायरमेंट गोठवण्याआधी बदल कुठून येतायत ते मोजा

तुमचा प्रश्न असा: पाच जणांची टीम, एका खासगी डेअरीसाठी दूध संकलन आणि शेतकऱ्यांच्या बिलाचं सॉफ्टवेअर, चाळीस केंद्रं, एकरकमी ठरलेली किंमत. चार महिन्यांचं काम सातव्या महिन्यात गेलंय आणि डेअरीकडून व्हॉट्सॲपवर रोज काही ना काही येतंच आहे. आता रिक्वायरमेंट फ्रीझ करून, म्हणजे मागण्यांची यादी इथेच गोठवून, सही घ्यावी का?

सही मिळेल. तिचा उपयोग होणार नाही. ज्या धंद्यात दुधाचा दर महिन्यात दोनदा हलू शकतो, तिथला मालक "यापुढे बदल नाही" या कागदावर सही करेल ती विषय संपवायला. दर हलला की त्याचा फोन येणारच, आणि तुम्हालाही काम करून द्यावंच लागणार, कारण नाहीतर बिलंच निघणार नाहीत. एकदा असा नियम मोडला की तो पुढे कुठल्याच बाबतीत कुणी पाळत नाही.

तुम्ही नमुन्याला पाच मेसेज दिलेत ते बरं केलंत. एक, काट्यावरून वजन किलोत येतं पण बिल लिटरवर हवं. दोन, दुधाचा नवा दर ४ तारखेला ठरला पण १ तारखेच्या संध्याकाळपासून लावा. तीन, पावतीवर मागच्या वेळची फॅटही दिसू दे. चार, अनुदानासाठी जनावरांचे बिल्ला क्रमांक भरायचेत. पाच, मालकांना मोबाईलवर सगळ्या केंद्रांचं संकलन बघायचंय, ॲप द्या. तुमच्या यादीत या पाचही ओळींपुढे एकच शब्द आहे, "चेंज". माझ्या मते सगळा घोळ या एका शब्दाचा आहे.

पहिले दोन बदल नाहीतच. ती डेअरी पहिल्यापासून लिटरवरच बिल देत होती आणि दर मागच्या तारखेपासूनच लावत होती. तुम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नव्हतंच. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. १०० किलो म्हणजे ९७ लिटर आणि थोडं वर. ३४ रुपये दर धरला तर किलोला लिटर समजण्याच्या चुकीत दर १०० किलोमागे सुमारे ९९ रुपयांचा फरक पडतो. याला "नवीन मागणी" म्हणून पैसे मागितलेत तर डेअरीवाले तुम्हाला दुधातलं काही कळत नाही असं समजतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

तिसरा वेगळा. पावती छापून हातात आल्याशिवाय हे कुणाला सुचलं नसतं. शेतकरी केंद्रावर पहिला प्रश्न विचारतो तो "आज फॅट किती लागली?" आणि दुसरा "काल किती होती?" हे पावती वापरात आल्यावरच उघड होतं. अशा मागण्या येणारच, त्या चांगल्या असतात, आणि त्यांच्यासाठी वेळ आधीच बाजूला ठेवलेला असावा लागतो.

चौथा बाहेरून आला. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ते ७ रुपये झालं. पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जाणार, म्हणून आधार जोडलेलं बँक खातं आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लागायला लागला. २०२३ मध्ये सही केलेल्या कुठल्याही कागदात ही गोष्ट असणं शक्य नव्हतं. इथे दोष कुणाचाच नाही, पण काम मात्र मोठं आहे आणि त्याचे पैसे मागायला लाजू नका. (जाता जाता: बिल्ला क्रमांक शेतकऱ्याच्या नोंदीत एक रकाना वाढवून भागवू नका. एकाकडे सहा गाई असतात, एखादी विकली जाते, बिल्ला पडतो, नवा मारला जातो. जनावरांचं टेबल वेगळंच हवं, "कधीपासून कधीपर्यंत" या तारखांसकट.)

पाचवी खरोखरची नवी इच्छा आहे. ती पुरी करायची की नाही, हा पैशाचा आणि क्रमाचा प्रश्न.

म्हणून फ्रीझचा विचार करण्याआधी एक दिवस घालवा. गेल्या दोन महिन्यांतले सगळे मेसेज, व्हॉइस नोट्ससकट, एका शीटमध्ये उतरवा आणि प्रत्येकापुढे या चारपैकी एक खूण करा: राहून गेलेलं, बघून सुचलेलं, बाहेरून आलेलं, नवं. खूण दोघांनी वेगवेगळी करावी, मग ताडून बघावी; एकट्याने केली की सगळंच "नवं" दिसतं. निम्म्याहून जास्त "राहून गेलेलं" निघालं तर तुमचा आजार विचारपूस कमी पडण्याचा आहे आणि कितीही कडक फ्रीझ केलं तरी तो बरा होणार नाही. बहुतेक "नवं" निघालं तर मात्र करार आणि किंमत यांकडे बघायला हवं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगतो. काम सरकारी टेंडरचं असेल तर मी खाली सांगतो तितकी मोकळीक मिळणार नाही. तिथे मंजूर कागदाबाहेरचं एक बटणसुद्धा ऑडिटमध्ये अडकतं. हेच सॉफ्टवेअर पुढे दहा डेअऱ्यांना विकायचं असेल तर एका डेअरीची प्रत्येक हौस मुख्य कोडमध्ये घेणं घातक आहे. आणि तासावर बिल लावत असाल तर तुमचा अर्धा त्रास नाहीच, पण मग ग्राहकाला दर आठवड्याला खर्च दाखवावा लागतो, नाहीतर शेवटी भांडण ठरलेलं. मी इथे तुमचीच परिस्थिती धरतो: एक ग्राहक, एकरकमी, अर्ध्यात अडकलेलं काम.

आता विचारपूस. दर आठवड्याला एक तास, वार ठरलेला, आणि विषय फक्त पुढच्या दोन आठवड्यांत हाती घ्यायच्या कामाचा. तुमच्याकडून एक डेव्हलपर आणि जो तपासणार आहे तो. डेअरीकडून मालक नको. काय आधी, काय नंतर हे मालक ठरवेल, पण बिल कसं निघतं ते बिलं काढणाऱ्या क्लार्कला माहीत असतं. पशुखाद्याची कपात आधी की उचलीची, बिलापेक्षा कपात जास्त झाली तर बाकी पुढच्या बिलात ओढायची की किमान काही रक्कम हातात द्यायची, बिल एरवी दहा दिवसांचं, पण फेब्रुवारीत २१ तारखेपासूनचं आठच दिवसांचं असतं तेव्हा कर्जाचा हप्ता पूर्ण कापायचा का, याची उत्तरं त्याच्या डोक्यात आणि एका जुन्या वहीत असतात. ती वही बघायला मागा. मुलाखतीत माणूस नियम सांगतो, वहीत अपवाद सापडतात.

एका मागणीला पंचवीस-तीस मिनिटांहून जास्त लागायला लागली तर ती एक मागणी नाही, तिचे तुकडे करा. "मागच्या तारखेपासून दर" हीच घेऊन दाखवतो. क्लार्कला "तपशील सांगा" म्हणू नका. "मागच्या वेळी असं झालं तेव्हाचा एक शेतकरी घ्या आणि हिशेब करून दाखवा" असं म्हणा. जुना दर ३३ रुपये, नवा ३४.५०, निर्णय ४ तारखेला दुपारी, लागू १ तारखेच्या संध्याकाळपासून. शेतकरी दर वेळी १० लिटर घालतो, फॅट ३.५, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) ८.५. जुन्या दराने निघालेल्या पावत्या सहा: १ ची संध्याकाळ, २ आणि ३ च्या दोन-दोन, ४ ची सकाळ. फरक ६ गुणिले १० गुणिले दीड, म्हणजे ९० रुपये. इथवर सोपं आहे. मग एक-एक आकडा हलवायचा.

फॅट दर वेळी वेगळी लागली तर? मग सरसकट दीड रुपया चालणार नाही. नव्या दरपत्रकात फॅट कमी लागली तर होणारी पॉइंटमागची कपातही बदललेली असू शकते, म्हणून प्रत्येक पावतीला दोन्ही दरपत्रकं लावून फरक काढावा लागेल. दर वाढायच्या ऐवजी घटला तर? शेतकऱ्याकडून वजा करणार का? बऱ्याच ठिकाणी इथे खोलीत शांतता पसरते, कारण हा निर्णय क्लार्कचा नसतो, मालकाचा असतो. तो प्रश्न तसाच वेगळा लिहून ठेवा आणि पुढे जा. लागू तारीख आधीच्या, वाटप झालेल्या बिलात गेली तर? माझं इथे ठाम मत आहे: बंद झालेलं बिल कधीही बदलायचं नाही, फरक चालू बिलात "दरफरक" अशा वेगळ्या ओळीने द्यायचा. नाहीतर शेतकऱ्याच्या हातातला कागद आणि तुमच्या संगणकातलं बिल जुळणार नाही, आणि त्या दिवसापासून सॉफ्टवेअरवर कुणाचा विश्वास राहणार नाही.

प्रत्येक मागणीला मी हे एवढं विचारतोच: शेवटचं असं कधी झालं, उलटं झालं तर काय, आधीच बंद झालेल्या हिशेबाचं काय, वीज किंवा नेट नसताना काय, आणि हे कोण बदलू शकतो. शेवटचा प्रश्न दूध धंद्यात फार महत्त्वाचा. मशीन बंद पडलं म्हणून फॅट हाताने भरायची सोय दिलीत आणि ती कुणी, कधी, का भरली याची नोंद ठेवली नाहीत, तर काही केंद्रांवरचं मशीन वारंवार बंद पडायला लागेल.

पैशांचं पूर्णांक करणंही याच बैठकीत निघायला हवं. रुपयापर्यंत पूर्णांक दर पावतीला करता की दहा दिवसांच्या बिलाला? वीस पावत्या, प्रत्येकीत जास्तीत जास्त पन्नास पैसे, म्हणजे एका बिलात दहा रुपयांपर्यंत तफावत पडू शकते. रक्कम किरकोळ, पण जुन्या वहीशी बिल जुळत नाही म्हणून परत येणारं काम किरकोळ नसतं. तसंच लॅक्टोमीटरच्या डिग्रीवरून एसएनएफ काढण्याचं सूत्र: डिग्री भागिले चार, अधिक फॅटचा एक हिस्सा, अधिक एक ठरलेला आकडा. तो हिस्सा आणि तो आकडा डेअरीडेअरीत वेगळा असतो. इंटरनेटवरून उचलू नका, त्यांच्या दरपत्रकामागे कोणता आहे ते लेखी घ्या.

डेव्हलपरने कामाला हात कधी लावायचा? क्लार्कने स्वतः हाताने सोडवलेली निदान दोन उदाहरणं आकड्यांसकट जोडलेली असतील, एकही प्रश्न उघडा नसेल, आणि काम तीन दिवसांच्या आतलं वाटत असेल तेव्हा. हीच उदाहरणं पुढे तपासणीला वापरायची. "दर व्यवस्थित लागला पाहिजे" यावर वाद घालता येतो, ९० रुपयांवर येत नाही.

व्हॉट्सॲप बंद करायच्या फंदात पडू नका, ते जमणार नाही. पण तिथे "हो" म्हणायचं नाही आणि "नाही" सुद्धा म्हणायचं नाही. मेसेज आला की त्याच दिवशी एवढंच उत्तर: "नोंद ४७. मंगळवारी बघू." शीटमध्ये नोंद क्रमांक, तारीख, कुणी सांगितलं, त्यांचे शब्द जसेच्या तसे, चारपैकी कोणता प्रकार, कशाकशाला धक्का लागतो, तास, निर्णय, निर्णय कुणाचा. ही शीट डेअरीला उघडी हवी. तातडीचं म्हणजे फक्त दोन गोष्टी: संकलन थांबलंय, किंवा बिल चुकतंय. त्यासाठी फोन, बाकी सगळं शीटमध्ये. आणि निर्णय देणारा डेअरीकडून एकच माणूस, लेखी ठरलेला. ग्रुपमध्ये आठ जण असतील तर सांगणारे आठही चालतील, ठरवणारा एकच.

"कशाकशाला धक्का लागतो" हा रकाना घाईत भरला की तिथेच हात पोळतो. दरफरकाचं काम डेव्हलपर तीन तासांचं सांगेल, कारण त्याला तारखेचा रकाना दिसतोय. प्रत्यक्षात पडद्यावरचं ३ तास, पावत्यांचा पुन्हा हिशेब १०, जुन्या बिलांवर तपासणी ८, बिलाचा छापील नमुना आणि रिपोर्ट ४, असे २५ होतात. म्हणून मी प्रत्येक नोंदीला एक ठरावीक फेरी मारतो: डेटाबेस, पडदा, पावती, बिल, रिपोर्ट, जुना डेटा, एसएमएस, बँकेची फाइल, केंद्रावरच्या माणसाला शिकवणं. एसएमएसला तर कुणी गृहीतच धरत नाही. "मेसेजमध्ये एसएनएफ पण टाका" हा एका ओळीचा बदल वाटतो, पण व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीच्या यंत्रणेवर) नोंदवलेल्या नमुन्याशी जुळावा लागतो. नवा नमुना मंजूर होईपर्यंत बदललेला मेसेज जातच नाही, आणि कोड बरोबर असूनही दोष तुमच्याच माथी येतो.

मग किंमत. राहून गेलेलं काम तुम्ही फुकट करायचं. तुमच्या विचारण्यात चूक होती. बघून सुचलेल्यासाठी राखीव तास हवेत. तुमच्या कामाचा मूळ आवाका पाच जण, चार महिने, माणशी महिन्याला १६० तास असा धरला तर ३,२०० तास होतात. त्यातले १५ टक्के, म्हणजे ४८० तास, मी करारातच "वापरताना सुचणाऱ्या सुधारणा" म्हणून वेगळे लिहितो आणि दर महिन्याला किती उरले ते दाखवतो. गंमत अशी, की तास संपताना दिसले की मागणारा स्वतःच निवड करायला लागतो. तुमच्या चालू करारात ही सोय नाही, त्यामुळे आत्ता अदलाबदलीवर या: २५ तासांचं काही आत यायचं असेल तर अजून सुरू न केलेलं २५ तासांचं काहीतरी बाहेर. काय बाहेर ते त्यांनी सांगायचं. बाहेरून आलेलं आणि नवं, दोन्हीचे पैसे वेगळे; फक्त बाहेरून आलेल्याला तारीख सरकार ठरवतं, म्हणून ते रांगेत पुढे.

फ्रीझ मला एकाच ठिकाणी मान्य आहे, ते म्हणजे कॅलेंडरवर. डेअरीचं बिल १, ११ आणि २१ तारखेला सुरू होतं. १०, २० आणि महिन्याची शेवटची तारीख, यांच्या आदल्या दिवसापासून बिल वाटून होईपर्यंत चालू सॉफ्टवेअरमध्ये काहीही सोडायचं नाही, कितीही छोटं असो. हिशेबाला हात लावणारा बदल असेल तर एक अख्खं दहा दिवसांचं बिल जुन्या आणि नव्या पद्धतीने समांतर काढायचं आणि शेतकरीनिहाय फरक बघायचा. फरक शून्य यावा अशी अपेक्षा नको. प्रत्येक फरकाचं कारण सांगता यावं. चाळीस केंद्रांवर एकदम सोडण्याऐवजी आधी दोनवर सोडा: एक गाईच्या दुधाचं मोठं केंद्र, एक म्हशीच्या दुधाचं आणि नेट खराब असलेलं.

कोडबद्दल थोडंसं. दरपत्रक, अनुदानाची रक्कम, कपातीचे प्रकार आणि त्यांचा क्रम हे सगळं "कधीपासून लागू" या तारखेसह आणि सकाळ की संध्याकाळ यासह टेबलात ठेवा. जुनी ओळ कधी खोडू नका, नवी घाला. ५ चे ७ रुपये झाले तेव्हा ज्यांनी रक्कम कोडमध्ये लिहिली होती, त्यांच्याकडे सप्टेंबरचा रिपोर्ट ऑक्टोबरमध्ये काढला की तोही ७ ने येणार. पण उलट्या टोकालाही जाऊ नका. बदलांना कंटाळलेली टीम शेवटी प्रत्येक गोष्टीची सेटिंग करून ठेवते, आणि मग ती सेटिंग कुणी चुकवली हे शोधण्यात आठवडे जातात. जे दोनदा प्रत्यक्षात बदललं, किंवा जे बदलणं डेअरीच्या हातात नाही, तेवढंच टेबलात. बाकी कोडमध्येच बरं.

तुमच्या प्रश्नाखालच्या प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी तुम्हाला "ॲजाईल करा, बदलांचं स्वागत करा" असं सांगितलंय. ॲजाईल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत, ग्राहकाला सोबत घेऊन बनवायची पद्धत. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी लिहिलेल्या ॲजाईलच्या जाहीरनाम्याच्या तत्त्वांमध्ये ते वाक्य आहे खरं. त्याच यादीत असंही लिहिलंय, की धंदा जाणणाऱ्यांनी आणि डेव्हलपर्सनी रोज एकत्र काम करावं. पहिलं वाक्य भिंतीवर लावून दुसरं विसरलात तर तुमचं आत्ता चाललंय तेच होतं. डेअरीकडून क्लार्कचा आठवड्याला एक तासही मिळत नसेल, तर वर लिहिलेलं काहीच चालणार नाही. मालकाकडे पहिली मागणी पैशांची करू नका, या तासाची करा.

आणि मालकाला भेटायला जाताना सातव्या महिन्याचं रडगाणं नको. ती शीट घेऊन जा, चार खुणांप्रमाणे लावलेली. "यातलं राहून गेलेलं आमचं, ते आम्ही आमच्या खर्चाने अमुक तारखेपर्यंत पुरं करतो" इथून सुरुवात करा. आपली चूक आधी कबूल केली की उरलेल्या तीन गटांवर माणूस शांतपणे ऐकतो. मग बघून सुचलेलं दाखवा आणि अदलाबदल सांगा, मग बिल्ला क्रमांकांचे तास आणि रक्कम, आणि मोबाईल ॲप सगळ्यात शेवटी. तोवर सकाळच्या संकलनाचा एक एसएमएस मालकाला रोज गेला तर ॲपची घाई राहते का, हेही तिथेच विचारून टाका. नमुना मात्र आधी डीएलटीवर नोंदवा.